चौकटीत बसणारा पुल-अप बार: सहा महिन्यांचा अनुभव

मी लष्करात इंजिनिअर. सध्या पुण्यात दापोडीला सीएमईत, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी कॉलेजात, शिकतोय. सकाळी पीटी होते, पण नंतर लेक्चर, लॅब आणि रात्री बारापर्यंत खुर्ची. दोन महिन्यांत माझे चिन-अप (बारला लटकून हनुवटी बारच्या वर नेणं) १४ वरून ९ वर आले. पीपीटीत, म्हणजे लष्कराच्या शारीरिक चाचणीत, २.४ किलोमीटर धावणं कसंबसं निभावलं असतं. हातांची ताकद गेली याचा मात्र फार त्रास झाला.

म्हणून हा बार घेतला, १,४०० रुपयांना. दोन्ही टोकं फिरवून दाराच्या चौकटीत आवळायचा, ड्रिल लागत नाही. अभ्यासाच्या खोलीच्या दारातच लावला. नियम एकच: दारातून जाता-येता चार चिन-अप. पाणी प्यायला उठलो, चार. फोन आला, चार. दमेपर्यंत कधीच नाही, त्यामुळे परत पुस्तकाकडे बसलो तरी डोकं ताजं असतं. दिवसाला चाळीसेक सहज होतात. आता एका दमात १६ निघतात. नुसतं लटकलं तरी दिवसभर वाकलेली पाठ मोकळी होते, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

खोट आहे. पावसाळ्यात घामाने फोमची पकड फिरायला लागली. मी ती काढून सुती पट्टी गुंडाळली. सागवानी चौकटीत बार पक्का बसतो, पातळ प्लायवूडच्या चौकटीत अजिबात लावू नका. दर रविवारी पुन्हा आवळा, आणि खाली सतरंजी असू द्या.

धावायला मात्र बाहेरच पडावं लागतं. बीपीईटी या लष्कराच्या दुसऱ्या शारीरिक चाचणीचे ५ किलोमीटर खोलीत होत नाहीत.