जुन्या होडीच्या डागडुजीसाठी इपॉक्सी
लाकडी मासेमारी होडी घरीच दुरुस्त करताना फळ्यांच्या सांध्यांसाठी दोन घटकांचे इपॉक्सी (रेझिन आणि त्याला कडक करणारे द्रव्य मिसळून बनणारा चिकट लेप) वापरले आणि पॉलिएस्टर रेझिनपेक्षा त्याची लाकडावरील पकड निःसंशय घट्ट वाटली. मात्र लाकडातील ओलावा साधारण 12 टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय डबा उघडू नये. इपॉक्सी कडक झाल्यावर पृष्ठभागावर येणारा मेणचट थर आधी साध्या पाण्याने धुवावा लागतो, कारण तसेच घासल्यास तो पॉलिश पेपरमध्ये भरून बसतो आणि लेपाचा पुढचा हात नीट धरत नाही (माहितीपत्रकात ही सूचना फारच बारीक अक्षरांत आहे). उन्हाने ते पिवळे पडते, म्हणून वरून व्हार्निश किंवा रंग हवाच. डोलकाठीच्या बुडाशी, जिथे दोरांचा सारा ताण उतरतो, तिथे मात्र कुजलेले लाकूड बदलण्याला या लेपाचा पर्याय नाही.