आईचा अंगठा आणि 'सर्व्हर डाऊन'

आमचं गाव बीड जिल्ह्यात. आईच्या नावावर सव्वा एकर कोरडवाहू, म्हणून पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये, तीन हप्त्यांत. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं आणि २६ तारखेला अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं, की २००० चा हप्ता एप्रिलच्या सुरुवातीलाच मिळेल आणि बायकांच्या जनधन खात्यात तीन महिने ५००-५०० रुपये पडतील. आई दोन्हीकडे बसत होती. मी पुण्यात अडकलेलो. फोनवर म्हणालो, "चला, सरकीची सोय झाली." पिशवी तेव्हा ७३० रुपयांना होती.

बँक तालुक्याला, एसटी बंद. गावात बँकेचा प्रतिनिधी म्हणून एक पोरगा समाजमंदिरात मशीन घेऊन बसायचा. आधार नंबर टाकायचा, अंगठा ठेवायचा, पैसे हातात. वागायला गोड. उन्हातल्या रांगेतून म्हाताऱ्यांना आधी पुढे घ्यायचा.

एप्रिलमध्ये आईने अंगठा ठेवला. "काकू, उमटत नाही, पदराला पुसा." पुन्हा ठेवला. "सर्व्हर गेला, परत एकदा." मग ५०० रुपये दिले आणि सांगितलं, किसानचे अजून आले नाहीत. पावती? रोल संपलाय.

संशय येणार कसा? खुरपून आणि कापूस वेचून आईच्या बोटांवरच्या रेघा खरंच झिजल्यात. रेशनला सुद्धा तीनदा अंगठा ठेवल्याशिवाय मशीन घेत नाही. या खऱ्या अडचणीच्या आडूनच तो पैसे काढत होता. एक अंगठा ५०० चा, पुढचा २००० चा. बँकेचा मेसेज जायचा तो चुलत भावाच्या कधीच बंद पडलेल्या नंबरावर. खातं उघडताना तोच दिला होता.

आणि मी शहाणा फोनवर काय म्हणालो? "असेल सर्व्हर डाऊन. पुढच्या आठवड्यात जा." सरकी शेवटी उधारीवर आणली.

मे महिन्याचे ५०० मिळाले. जूनचे "आलेच नाहीत." ९ ऑगस्टला पुढचा हप्ता सुटला, तेव्हा त्याने हजार रुपये दिले. "कोरोनामुळे सरकारनं निम्मेच दिलेत, काकू." आईने देवाचे आभार मानले.

दिवाळीला गावी गेलो, पासबुक छापून घेतलं. ५५०० जमा, ५५०० काढलेले. आईच्या हातात आले होते २०००. बँकेतले साहेब म्हणाले, "अंगठा तुमच्या आईचाच आहे ना?" होताच. तेच तर दुखणं. परस्पर गेलेल्या पैशांची तक्रार तीन कामाच्या दिवसांत केली तर ग्राहकावर बोजा येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे. पण ज्या बाईला मेसेजच मिळत नाही, तिने ते तीन दिवस मोजायचे कधीपासून? लेखी अर्ज दिला, पोच घेतली. पुढे काही झालं नाही.

गावात चार जाणत्यांना घेऊन बसलो तेव्हा आणखी सात-आठ बायकांची पासबुकं निघाली. पोराने १५०० परत केले, बाकीचे "पुढच्या महिन्यात."

तुमच्या घरी असं कोणी अंगठ्यावर पैसे काढत असेल, तर खात्याला चालू नंबर आजच जोडा. अंगठा जितक्या वेळा ठेवला, तितक्या पावत्या मागा. व्यवहार फसला तरी मशीन तशी पावती देतं. आधारच्या संकेतस्थळावर गेल्या सहा महिन्यांत आधार कुठे-कधी वापरला गेला ते दिसतं. तिथेच बोटांच्या ठशांना कुलूप लावता येतं, फक्त रेशनला जाण्याआधी ते उघडावं लागतं. आम्ही एकदा विसरलो आणि आई रिकामी पिशवी घेऊन परतली. पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेत लेखी द्या. आमच्यासारखी दिवाळीची वाट पाहू नका.

उरलेले २००० अजून आलेले नाहीत. तो पोरगा आमच्या गावातून उठला आणि आता शेजारच्या गावात तेच मशीन घेऊन बसतो.