आपले अभिलेख: नावाने नव्हे, नंबराने सापडणारे पूर्वज

लालबाग-परळच्या चाळीत तीन पिढ्या गेल्या, गावाचं नाव पाठ आहे, पण खापरपणजोबा कोण ते घरात कुणालाच सांगता येत नाही. अशा मुंबईकराला गावी खेप न घालता वंशावळ लावायला घ्यायची असेल तर जुन्या जमीन-कागदांचं ‘आपले अभिलेख’ हे सरकारी संकेतस्थळ कामाचं आहे. फक्त तिथे नाव टाकून माणूस सापडत नाही. जिल्हा, तालुका, गाव, कागदाचा प्रकार आणि मग सर्व्हे किंवा गट (जमिनीचा नंबर) किंवा फेरफार (जमिनीचा हक्क बदलल्याची नोंद) क्रमांक, असाच शोध चालतो. सगळे जिल्हे त्यावर नाहीत, म्हणून आपला तालुका यादीत दिसतो का ते आधी पाहा.

नंबर मिळतो ‘महाभूलेख’ या सातबाऱ्याच्या सरकारी संकेतस्थळावर. तिथे नावाने सातबारा काढता येतो, आणि भाऊबंदांपैकी कुणाचंही नाव चालतं. कोकणात अर्ध्या वाडीचं आडनाव एकच असतं, तेव्हा मधलं नाव टाकून पाहा. उताऱ्यावर ‘जुने फेरफार क्रमांक’ छापलेले असतात. शिडी हीच. नुसत्या क्रमांकावरून वारसाचा फेरफार कोणता ते कळत नाही. एकेक उघडावा लागतो. वारसाच्या फेरफारात मयताचं नाव, मृत्यूची तारीख, वारस आणि त्यांचं नातं मिळतं. कधी लेकींची सासरची नावंही असतात, जी घरच्या वंशावळीत हमखास गळलेली असतात. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर कंस केलेलं नाव म्हणजे आधीचा धारक, शेजारच्या वर्तुळातला आकडा म्हणजे त्याचा फेरफार. तो घ्या आणि मागे चला.

घोडं अडतं ते गटवारीपाशी, म्हणजे तुकडे जोडून जमिनीला नवे नंबर दिले तिथे. १९४७च्या कायद्याने एकत्रीकरण झालेल्या गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि साखळी तिथेच तुटते. तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा ९(३), ९(४)चा उतारा घेतला की जुना नंबर जुळतो. मालवण-कणकवलीच्या कागदावर ‘जिल्हा रत्नागिरी’ दिसलं तर गोंधळू नका. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१मध्ये. खोती गावांची, म्हणजे जिथे सारा खोत वसूल करायचा त्यांची, गत आणखी अवघड: १९४९चा खोती निर्मूलन कायदा येईपर्यंत जमीन खोताच्या नावावर, त्यामुळे कसणारं घराणं हक्काच्या रकान्यात सापडेलच असं नाही.

आणि ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांना या सेवेचा जवळजवळ उपयोग नाही. मोठी उणीव हीच. त्यांचा माग जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुकात, आणि शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात. ही पानं बरीचशी जुन्या मोडी लिपीत, आणि आडनाव अनेकदा नसतंच. बाप-लेकाच्या नावांची जोडीच जुळवावी लागते.

तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करताना ‘जुने कागद मिळावेत’ असं मोघम लिहू नका. गाव, नमुना क्रमांक आणि पाच-दहा वर्षांचा पट्टा लिहा. मोडी वाचणारा मात्र आपणच गाठायचा.