एमसीजीचं स्पोर्ट्स म्युझियम: टॉम विल्ससाठी तरी आत जाच

मेलबर्नला येणारे आपले लोक एमसीजीला (मेलबर्न क्रिकेट ग्राउंड) जातात ते क्रिकेटच्या प्रेमापोटी, बाहेर शेन वॉर्नच्या पुतळ्यापाशी फोटो काढला की झालं. माझं म्हणणं एवढंच की तिकीट काढा आणि आतलं ऑस्ट्रेलियन स्पोर्ट्स म्युझियम बघा, आणि बॅटा-बॉल बघून झाले की फुटीचा (म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा) भाग उरकून टाकू नका. तिथे १८५९ चे हाताने लिहिलेले नियम आहेत, मोजून १०. पाडणं, ढकलणं चालेल पण लाथा घालायच्या नाहीत म्हणे!

त्या कागदावर सही करणाऱ्यांत टॉम विल्स. इंग्लंडात रग्बी स्कूल नावाच्या शाळेत शिकून आलेला, व्हिक्टोरियाचा क्रिकेट कॅप्टन, यानेच १८५८ च्या जुलैत पेपरला पत्र लिहिलं की हिवाळ्यात क्रिकेटवाले सुस्तावतात, फुटबॉल क्लब काढा. पुढच्याच महिन्यात मेलबर्न ग्रामर आणि स्कॉच कॉलेज या शाळांची मॅच झाली, एकेका बाजूला ४० जण, तीन शनिवार खेळले आणि शेवटी १-१ बरोबरी, धन्य आहे! त्या मॅचला अंपायर असलेल्या विल्सचा पुतळा मैदानाबाहेर आहे, त्याला तिकीटही लागत नाही, तरी आपल्यातलं कोणी तिथे थांबत नाही.

मला स्वतःला खेळापेक्षा हा माणूसच जास्त भिडला. १८६१ मध्ये क्वीन्सलँडला आदिवासींच्या हल्ल्यात याच्या वडिलांसकट १९ जण मारले गेले, नंतर गोऱ्यांनी सूड म्हणून त्याहून कितीतरी जास्त आदिवासी मारले. आणि १८६६ च्या बॉक्सिंग डेला (२६ डिसेंबर) हाच विल्स आदिवासींची क्रिकेट टीम घेऊन याच एमसीजीवर उतरला, कोच म्हणून! पुढे दारू, १८८० मध्ये आत्महत्या, वय ४४. कबरीवर १९८० पर्यंत साधा दगडही नव्हता. 'फुटीचा जनक' हा मान बरीच वर्षं त्याचा आतेभाऊ हॅरिसनला मिळत राहिला, १८५९ च्या त्या कागदावर त्याची सहीसुद्धा नाही, बोला!

म्युझियमला ५ पैकी ५. स्टेडियमची गाइडेड टूरपण घ्या, दोन्हींचं एकत्र तिकीट मिळतं, फक्त मॅचच्या दिवशी टूर नसते म्हणून आधी वेबसाइट चेक करा. पोरं सोबत असतील तर त्यांच्यासाठी खेळून बघायचे गेम्स आहेत, ती तिथे रमली की तुम्ही निवांत फुटीच्या भागात जा.