दिल्ली–लेह विमान: खिडकी घ्याच, पण डावीकडची आणि पंखाच्या पुढची

देशातल्या देशात खिडकीसाठी जादा पैसे मोजावेत असा एकच विमानप्रवास निवडायचा तर तो दिल्ली–लेह. सव्वा-दीड तासातला पहिला अर्धा तास खाली धुरकट मैदान असतं. मग पीर पंजाल, मुख्य हिमालय आणि झांस्कर या रांगा एकामागून एक येतात आणि लेहपर्यंत मान वळवावीशी वाटत नाही. मात्र सीट चुकली तर तेच पैसे पंखाचा पत्रा बघण्यात जातात.

जाताना ‘ए’, म्हणजे डावीकडची खिडकीची सीट घ्या. विमान साधारण उत्तरेकडे जातं, त्यामुळे ‘ए’ची खिडकी पश्चिमेला येते. लेहमध्ये दुपारी वारा जोर धरतो, म्हणून विमानं सकाळची असतात आणि सूर्य पूर्वेला. उजवीकडे ऊन थेट तोंडावर येतं, खिडकीवरचा प्रत्येक ओरखडा चमकतो. डावीकडे तेच ऊन डोंगरांवर तिरकं पडतं. डोंगरधारांची सावली, हिमनद्यांच्या पाठीवरचे दगडमातीचे काळे पट्टे, सगळं लख्ख दिसतं. हवा स्वच्छ असेल तर नुन (७,१३५ मीटर) आणि कुन (७,०७७ मीटर) ही जोडीही याच बाजूला, आजूबाजूच्या शिखरांच्या वर डोकं काढून उभी. उजवीकडे काहीच नाही असं नाही. त्सो मोरीरी सरोवर त्या बाजूला आहे, आणि विमान नेहमीप्रमाणे पश्चिमेकडून धावपट्टीवर उतरलं तर सिंधू नदी आणि स्टोकची रांगही उजवीकडेच येते. तरी उजेडाचा विचार केला तर आमचं मत ‘ए’लाच. परतीच्या सकाळच्या विमानात ‘एफ’, म्हणजे उजवीकडची खिडकी, कारण तेव्हा पश्चिम त्या बाजूला येते.

आता सीटची रांग. या मार्गावर एअरबस ए३२० बरीच दिसतात. १८० किंवा १८६ सीटांच्या मांडणीत साधारण ९ ते १९ या रांगा पंखावर येतात. आपत्कालीन दाराजवळच्या १२-१३ मध्ये पाय ऐसपैस पसरतात, पण खाली पंखच. अगदी मागे जमीन दिसते, पण इंजिनाच्या गरम हवेमुळे पुढचं दृश्य थरथरतं आणि फोटो धूसर येतात. ४ ते ७ या रांगा सर्वोत्तम. पहिल्या रांगेत उड्डाणाच्या वेळी पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत, म्हणजे कॅमेरा वरच्या कप्प्यात.

आणखी एक मेख आहे. ए३२०मध्ये खिडक्या २१ इंचांवर असतात, सीटा मात्र २८ ते ३० इंचांवर. म्हणून काही रांगांत खिडकी खांद्यामागे जाते. बोइंग ७३७-८०० असेल तर डावीकडे ९ ते ११ रांगांच्या आसपास एका जागी खिडकीच नसते, कारण भिंतीतून एसीचा डक्ट गेलेला असतो. विमान ऐनवेळी बदलू शकतं, म्हणून आदल्या संध्याकाळी सीटचा नकाशा पुन्हा उघडून बघा.

मुंबई-पुण्याहून दिल्लीमार्गे जाणाऱ्यांनी दोन्ही टप्प्यांच्या सीटा वेगवेगळ्या निवडाव्यात. रात्रीच्या मुंबई–दिल्लीला खिडकीचे पैसे घालू नका, ते लेहच्या टप्प्यासाठी राखून ठेवा.

फोटो काढताना पोलरायझर फिल्टर (चमक कमी करणारी लेन्सवरची काच) काढून ठेवा. खिडकीच्या अॅक्रिलिकमुळे त्यातून इंद्रधनुषी डाग उमटतात. फोन काचेला टेकवला तर विमानाची थरथर त्यात उतरते, म्हणून बोटभर अंतर ठेवा. मागून गडद जॅकेटचा आडोसा केला की प्रतिबिंब जातं. फ्लॅश बंद, शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद. लेहचा विमानतळ लष्करी आहे, त्यामुळे उतरताना आणि जमिनीवर कॅमेरा आतच.

जुलै-ऑगस्टमध्ये पीर पंजालपर्यंत ढगच ढग असतात, पलीकडे पर्जन्यछायेत आकाश मोकळं होण्याची शक्यता बरीच. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरची हवा सर्वांत नितळ. तारीख तुमच्या हातात असेल तर तीच पकडा.