नाण्याचा ग्रेड (ते किती चांगल्या अवस्थेत आहे) ठरवायला स्कॅन की तिरप्या उजेडातला फोटो?
स्कॅनमध्ये अक्षरं, साल, कडेचे ठोके एकदम क्लियर दिसतात पण लस्टर (नाण्याची मूळ चमक) मरतं, आणि बारीक ओरखडे तर गायबच होतात, म्हणून पुसलेलं नाणंसुद्धा छान वाटतं. दिवा तिरपा धरून दोन-तीन अँगलने काढलेले फोटो मला कधीही जास्त भरवशाचे वाटतात. आता अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिअन्स टांकसाळीचे मॉर्गन डॉलर (जुनी चांदीची नाणी) घ्या, त्यावरच्या लिबर्टीच्या चेहऱ्यात कानाच्या वरचे केस बऱ्याचदा सपाट असतात, स्कॅनमध्ये ती झीजच वाटते, पण फोटोत त्या सपाट भागावरूनही चमक सलग फिरत असेल तर तो कमी दाबाचा ठसा, आणि तिथेच करडा मंद डाग दिसला की खरी झीज. ७० च्या स्केलवर ५८ (किंचित वापरलेलं) की ६२ (न वापरलेलं) हे इथेच ठरतं. व्हरायटी (साच्यातल्या बारीक फरकामुळे झालेला प्रकार) ओळखायची असेल तर मात्र स्कॅन पुरतो.