ओटागो सेंट्रल रेल ट्रेल: रुळांच्या जागी सायकली

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील क्लाइड ते मिडलमार्च हा 152 किलोमीटरचा मार्ग बंद पडलेल्या रेल्वेच्या जागी तयार होऊन 2000 साली पूर्ण खुला झाला असून, रस्ते ओलांडण्याच्या जागा सोडल्यास त्यावर मोटारी भेटत नाहीत. वाट मुळात आगगाडीसाठी आखलेली असल्यामुळे चढ इतका सौम्य आहे की, 618 मीटर उंचीचा सर्वोच्च बिंदू आल्याचे फलक वाचूनच कळते. पूलबर्न घळीतला दगडी खांबांवरचा उंच पूल आणि तिथले अंधारे बोगदे हा या प्रवासाचा गाभा. विजेरी मात्र विसरू नये. खडीवर अरुंद टायर निरुपयोगी ठरतात, आणि माळावरचा समोरचा वारा (चढापेक्षा तोच दमवतो) सपाट टप्पेही लांबवतो. चार दिवस राखून ठेवावेत. घाईत असणाऱ्यांनी निदान ऑटुरेहुआ ते लॉडर हा पूलबर्न घळीतून जाणारा टप्पा तरी करावा.